'पिकअप वाढवून मिळेल' असा फलक लावणाऱ्यास खुले पत्र

उस्ताद,

पत्राची सुरुवात नमस्काराने करण्याची रीत आहे. ती तुमच्यापुरती मोडतो. तुमचं नाव मला ठाऊक आहे, दुकान कुठल्या चौकात आहे तेही ठाऊक आहे. पण इथे ते लिहीत नाही, कारण तुमच्यासारखी दुकानं आता पुण्याच्या दर उपनगरात झाली आहेत आणि हे पत्र त्या सगळ्यांच्या हाती पडावं, असं मला वाटतं.

तुमच्या फलकावर तीन ओळी आहेत. स्कूटरचा पिकअप वाढवून मिळेल. टॉप स्पीड वाढवून मिळेल. अ‍ॅव्हरेज वाढवून मिळेल. इंजिनाला हात न लावता, फक्त डाव्या बाजूचं कव्हर उघडून, तासाभरात ही तिन्ही कामं करून देण्याची तुमची हमी असते. धडधाकट गाडीत यांतली एक गोष्ट थोडीफार वाढवता येते, आणि तिची किंमत उरलेल्या दोन्हींतून मोजावी लागते. तिन्ही एकदम वाढल्या असतील, तर गाडीचे भाग आधीच पार झिजलेले होते. मग तुम्ही काही वाढवलेलं नसतं, फक्त झिजलेलं बदललेलं असतं. आणि तुम्ही तर तेही बदलत नाही.

मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये नोकरी केली. मायक्रोमीटर दाखवेल तेच खरं मानायची सवय त्या नोकरीने लावली. म्हणून तुमच्याशी आकड्यांत बोलतो.

अ‍ॅक्टिव्हाचं उदाहरण घेऊ, कारण तुमच्या दारात रांगेने उभ्या असतात त्या बहुतेक त्याच. ११० सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम आठ अश्वशक्ती, आणि तीही इंजिन मिनिटाला आठ हजारांच्या आसपास फेरे घेत असताना. सपाट रस्त्यावर एकट्या माणसाला घेऊन ही गाडी ताशी ८५ किलोमीटरच्या जवळपास पोचते आणि तिथेच अडते. तिला अडवते हवा. हवा कापत जायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा, म्हणजे ८५चे साडेत्र्याण्णव करायचे, तर ताकद ३३ टक्क्यांनी वाढायला हवी. आठ अश्वशक्तीची साडेदहाच्या वर जायला हवी. ही वरची अडीच अश्वशक्ती तुम्ही कुठून आणता? सहा रोलर आणि एक स्प्रिंग यांतून ताकद तयार होत नाही. इंजिनाजवळ आहे तीच ताकद चाकापर्यंत कशी आणि केव्हा पोचवायची, एवढंच त्यांच्या हातात असतं.

तेवढं काम मात्र ते फार सुंदर करतात. ज्या यंत्रणेत तुम्ही स्क्रूड्रायव्हर खुपसता, तिचा इतिहास तुम्हाला कुणी सांगितला नसेल. हॉलंडमधल्या डाफ कंपनीने १९५८ साली एक छोटी मोटार लोकांपुढे आणली. तिच्यात गिअर बदलण्याची भानगडच नव्हती. रबरी पट्टे आणि उघडमीट करणाऱ्या पुल्या, एवढ्यावर गाडी चाले. हुब व्हान डोर्न यांची ही कल्पना 'व्हेरिओमॅटिक' नावाने ओळखली गेली. ती गाडी मागे जायचं ठरवलं तर जवळजवळ पुढच्याच वेगाने मागेही पळू शके, कारण पुल्यांना दिशेशी देणंघेणं नव्हतं. पुढे १९९३ मध्ये विल्यम्स संघाने फॉर्म्युला वनच्या गाडीवर अशी पट्ट्याची यंत्रणा चढवून चाचणी घेतली. डेव्हिड कूलथार्ड ती गाडी चालवत होता. कोपरा असो की सरळ रस्ता, इंजिन आपल्या सर्वांत जोरकस फेऱ्यांवर एका सुरात गात राही. १९९४ च्या नियमांनी ही यंत्रणा शर्यतीत उतरायच्या आधीच बंद करून टाकली.

आणि आपल्याकडे ती आली १९८४ साली, पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाबरोबर काढलेल्या स्कूटरमधून. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, बटण दाबलं की चालू, आणि गिअर नाही, क्लचचा खटका नाही. तोवर स्कूटर म्हणजे डाव्या मुठीने गिअर पाडायची, किक मारायची, तिरकी करून पुन्हा किक मारायची. कायनेटिक होंडाने हे सगळं एका झटक्यात काढून टाकलं. साडी नेसून नोकरीला जाणाऱ्या, पोरांना शाळेत सोडणाऱ्या, बँकेत पेन्शन आणायला जाणाऱ्या किती माणसांना या पट्ट्याने आपल्या पायावर उभं केलं, ते पुण्यातल्या कुठल्याही घरात विचारा. उजवी मूठ पिळली की गाडी निघते, सोडली की थांबते, यावर त्यांचा विश्वास बसला. त्या विश्वासावर तुम्ही हातोडी चालवता, म्हणून माझा राग आहे.

कव्हरच्या आत काय चालतं, ते आता नीट ऐका. पुढे क्रँकशाफ्टवर एक पुली असते. तिची एक बाजू पक्की, दुसरी सरकणारी. सरकणाऱ्या बाजूच्या मागे उतरत्या खाचांमध्ये सहा रोलर बसलेले असतात. इंजिन फिरू लागलं की गोफणीतल्या दगडासारखे ते बाहेर ओढले जातात आणि बाहेर जाताना पुलीची बाजू दाबत आत आणतात. पुली मिटत जाते, पट्टा वर चढतो. मागच्या पुलीवर एक जाड स्प्रिंग असते, ती मागची पुली मिटलेली ठेवू पाहते. पट्टा पुढे वर चढला की मागे खाली उतरतो आणि त्या स्प्रिंगला दबून पुली उघडू द्यावी लागते. म्हणजे एकीकडे रोलर, दुसरीकडे स्प्रिंग, अशी रस्सीखेच सतत चालू असते. शिवाय मागच्या पुलीत तिरक्या खाचा आणि पिना असतात. घाटात चाकावर भार आला की त्या खाचा पुलीला आणखी मिटवतात, पट्टा मागे वर चढतो आणि गाडी आपोआप हलक्या गिअरमध्ये येते. बसलेल्या माणसाला यातलं काहीच करावं लागत नाही.

या रस्सीखेचीत रोलरचं वजन किती महत्त्वाचं आहे, याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. बाहेर ओढणारा जोर वजनाच्या पटीत वाढतो, पण फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून रोलर दहा टक्क्यांनी हलके केले तर तोच जोर मिळवायला इंजिनाला सुमारे साडेपाच टक्के जास्त फेरे घ्यावे लागतात. सहा हजारांवर गिअर पडत होता तो सव्वासहा-साडेसहा हजारांच्या दरम्यान पडेल. वीस टक्क्यांनी हलके केले तर ६,७०० वर. गाडी सिग्नलवरून जोरात सुटल्यासारखी वाटते, कारण इंजिन आता जास्त जोरकस फेऱ्यांमध्ये काम करतं. पण रोज त्याच ४०-५०च्या वेगाला ते आधीपेक्षा जास्त फिरतं, जास्त पेट्रोल पितं, जास्त तापतं. आणि वजन फारच कमी केलं तर पुढची पुली पुरती मिटतच नाही. मग पट्टा वरच्या कडेपर्यंत पोचत नाही आणि टॉप स्पीड उलट घटतो. तुमच्या फलकावरची पहिली ओळ खरी करायला गेलं, की दुसरी आणि तिसरी खोटी पडते, ती अशी.

आता माझ्या भाचीच्या गाडीकडे येतो.

ती सासवडला राहते, नोकरी हडपसरला. मधे दिवे घाट. दोन वेळा तो घाट चढ-उतार करायचा, कधी मागे तिची आई म्हणजे माझी बहीण असते. गाडी घाटात दमते, पहिल्यासारखी ओढत नाही, अशी तिची तक्रार होती. ती तुमच्याकडे आली. तुम्ही गाडी एकदा रेस करून ऐकली आणि सांगितलं, ताई, पिकअप किट टाकून देतो. साडेतीन हजार रुपये घेतलेत. दोन आठवडे गाडी गर्जत निघायची, तिलाही बरं वाटलं. मग अ‍ॅव्हरेज खाली आलं. कव्हरजवळ जळका वास येऊ लागला. ती तुमच्याकडे परत आली तेव्हा तुम्ही म्हणालात, नवीन किट आहे, बसायला वेळ लागतो.

घाटाच्या चढावर पट्टा तुटला. इंजिन किंचाळत राहिलं आणि चाकाला काहीच मिळेना. गाडी उतारावर मागे सरकू लागली. मागे विटांचा ट्रक होता. त्याच्या चालकाने वेळेत ब्रेक लावला आणि खाली उतरून गाडी कडेला घ्यायला मदत केली. त्या माणसाचं नाव आम्हाला कळलं नाही, पण या पत्रात आभार मानायचे तर मी त्याचे मानीन.

कव्हर मी माझ्या हाताने उघडलं. पट्टा तोच जुना होता. तीस हजार किलोमीटरहून जास्त चाललेला, कडा गुळगुळीत होऊन चमकणाऱ्या, दातांच्या बुडाशी तडे गेलेला. व्हर्निअर लावला तर रुंदी कंपनीच्या पुस्तिकेतल्या मर्यादेच्या खाली. तुम्ही तो हातात घेतला असणार, कारण तो काढल्याशिवाय रोलरपर्यंत पोचताच येत नाही. हातात घेतलात, पाहिलात आणि परत बसवलात.

तिच्या गाडीचा खरा आजार तोच होता, उस्ताद. पट्टा झिजून अरुंद झाला की मागच्या पुलीत तो वरच्या कडेला न राहता खाली बसतो. म्हणजे गाडी सुटतानाच चुकीच्या, जड गिअरमध्ये सुटते. पुढच्या पुलीत तो शेवटपर्यंत वर चढत नाही, म्हणून वरचा वेगही जातो. दोन्ही टोकं गमावतात. जुने रोलर झिजून एका बाजूला चपटे झाले असतील तर ते घरंगळण्याऐवजी घासत सरकतात, मधेच अडकतात, पुली पुरती मिटू देत नाहीत. एक नवा पट्टा, मूळ वजनाचे सहा नवे रोलर, त्यांच्या पाठीमागच्या पट्टीचे प्लॅस्टिकचे तुकडे, क्लचच्या शूची साफसफाई, एवढं केलं असतं तर तिची गाडी शोरूममधून निघाली तशी चढली असती. हरवलेला पिकअप तिला परत हवा होता. जास्तीचा तिने मागितलाच नव्हता.

तुम्ही काय केलंत ते पाहा. मागची स्प्रिंग काढून बरीच कडक घातलीत. ती पट्ट्याला जास्त घट्ट आवळते, म्हणून पट्टा आणखी तापतो आणि आणखी झिजतो. आधीच मरणाला टेकलेल्या पट्ट्यावर तुम्ही ही स्प्रिंग बसवलीत. क्लचच्या लहान स्प्रिंगाही कडक केल्यात, म्हणजे क्लच जास्त फेऱ्यांवर पकडणार, गाडी झटक्याने सुटणार. घाटातल्या वाहतुकीत हळूहळू सरकताना तो क्लच घसरत राहिला आणि बाहेरचा ड्रम तापून निळा पडला. रोलर मी काट्यावर तोलले. चार एका वजनाचे, दोन त्यांच्याहून सुमारे दीड ग्रॅमने हलके, आणि ते दोन शेजारी शेजारी. दोन वजनांचे रोलर मिसळून मधलं वजन साधण्याची पद्धत आहे, हे मला मान्य आहे. पण तेव्हा तीन-तीन घेतात आणि एकाआड एक बसवतात, फिरताना तोल राहावा म्हणून. तुम्ही डब्यात हाताला लागले ते टाकलेत. पुलीच्या पंख्याची दोन पाती तुटलेली होती, कारण नट सोडवताना पुली धरायला हत्यार असतं ते तुमच्याकडे नाही, तुम्ही पात्यांमध्ये स्क्रूड्रायव्हर अडकवता. ही पाती पट्ट्याला वारा घालण्यासाठी असतात.

तुमच्या दुकानात इम्पॅक्ट गन आहे. टॉर्क रेंच नाही, व्हर्निअर नाही, ग्रॅमचा काटा नाही. नट आवळण्याआधी मागची पुली दाबून उघडून पट्टा तिच्यात खोल बसवावा लागतो, नाहीतर पुढे तो दोन बाजूंच्या मधे चिमटला जातो, नट आवळल्यासारखा वाटतो आणि काही दिवसांनी ढिला होऊन क्रँकशाफ्टचे दाते खाऊन टाकतो. क्रँकशाफ्ट बदलायला इंजिन खोलावं लागतं. हे शिकलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. ज्याने शिकायचं नाकारलं आहे त्याला सांगावं लागतं.

स्कूटरची ट्यूनिंग करूच नये, असं मी म्हणत नाही. ती कला आहे, आणि तिला मी मान देतो. इटलीत मालोसी आणि पोलिनी या कंपन्या कित्येक दशकं हेच काम करतात. ५० सीसीच्या इवल्या इंजिनांसाठी त्यांनी व्हेरिएटर, स्प्रिंगा, रोलर यांचे संच बनवले आणि त्यांच्यावर शर्यती झाल्या. तैवानची डॉक्टर पुली गोल रोलरच्या जागी घसरणारे, कोन असलेले तुकडे बनवते, त्यामुळे पुलीचा प्रवास थोडा वाढतो. अशी माणसं काम कसं करतात, ते शिका. इंजिनाची सर्वांत जास्त ताकद किती फेऱ्यांवर आहे ते आधी पुस्तिकेत पाहतात. स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा साधा टॅकोमीटर मिळतो, तो लावतात. सपाट रस्त्यावर मूठ पूर्ण पिळून गाडी सोडतात आणि वेग चढत असताना काटा कुठे स्थिर राहतो ते बघतात. ताकदीच्या फेऱ्यांच्या खाली राहिला तर रोलर जड आहेत, वर गेला तर हलके आहेत. मग एकेका पायरीने वजन बदलतात, एका वेळी एकच गोष्ट. पुलीच्या आतल्या उतारावर मार्करने केंद्रापासून कडेपर्यंत रेघ ओढतात, गाडी पळवतात, पुन्हा उघडतात. पट्ट्याने रेघ जिथवर पुसली तिथवर तो चढला. कडेजवळ शाई उरली असेल तर पुली पुरती मिटलेली नाही. एक मार्कर आणि थोडा धीर, एवढ्यात गाडी स्वतः सांगते काय दुखतंय.

हे सगळं करून, नवा पट्टा घालून, माझ्या भाचीला तुम्ही म्हणाला असता की ताई, तुमचा रस्ता रोज घाटाचा, मागे माणूस असतं, तर मूळ वजनापेक्षा थोडे हलके रोलर घालू, अ‍ॅव्हरेज किंचित कमी होईल, चालेल का? तर मी तुमच्या दुकानात येऊन तुमचा हात हातात घेतला असता. कारण तो सल्ला बरोबर ठरला असता.

तुमच्या दारातल्या पोरांबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही. संध्याकाळी तिथे ज्युनिअर कॉलेजची पोरं उभी असतात, आईच्या नाहीतर ताईच्या गाड्या घेऊन. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला आपल्या कायद्याने ५० सीसीपर्यंतचीच गाडी चालवता येते, ११०ची नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक पंचवीस हजारांच्या दंडाला आणि तीन वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र ठरतो. तुम्ही त्या मुलांचं वय विचारत नाही. त्यांना उतारावर गाडी पळवून ९५चा काटा दाखवता आणि म्हणता, बघ, टॉप वाढला. उतारावर तर न उघडलेली गाडीही तो आकडा दाखवते. चाचणी सपाट रस्त्यावर, दोन्ही दिशांनी, त्याच माणसाने घ्यायची असते.

आणि वेग चुकून खरंच वाढला, तर थांबायचं कशाने? अ‍ॅक्टिव्हाला पुढे-मागे १३० मिलिमीटरचे ड्रम ब्रेक आहेत, मागचं चाक दहा इंचांचं. कंपनीने ते त्या गाडीच्या मूळ वेगासाठी दिले आहेत. ताशी ६०वरून थांबताना ब्रेकला जेवढी ऊर्जा गिळावी लागते, त्याच्या पावणेदोन पटीहून जास्त ती ८०वरून थांबताना गिळावी लागते. तुम्ही कुठल्याही पोराच्या ब्रेकचे शू पाहिलेत का? टायर पाहिलेत का? मी पाहत होतो, तुम्ही पाहिले नाहीत. सोळा वर्षांच्या मुलाला थांबवणं तुमच्या हातात होतं, आणि तुम्ही त्याच्याकडून पैसे घेतलेत.

माझ्या भाचीचे साडेतीन हजार रुपये मला परत नकोत. तिच्या गाडीतून काढलेले सहा मूळ रोलर आणि मूळ स्प्रिंग तुमच्या मागच्या डब्यात पडलेली असतील, ती द्या. फलकावरची दुसरी आणि तिसरी ओळ पुसून टाका. एक व्हर्निअर, एक ग्रॅमचा काटा आणि एक टॉर्क रेंच विकत घ्या. तिन्ही मिळून एका किटच्या पैशांत येतात. काटा आणि व्हर्निअर वापरायला मी रविवारी येऊन शिकवीन, फी घेणार नाही.

आणि हे पत्र वाचणाऱ्या स्कूटरवाल्यांना विनंती. गाडी ओढत नसेल तर 'पिकअप वाढवा' म्हणू नका, 'पट्ट्याची रुंदी मोजून दाखवा' म्हणा. कव्हर उघडताना समोर उभे राहा. नवे रोलर घालण्यापूर्वी सहाही तोलायला लावा. आणि काढलेला पट्टा, रोलर, स्प्रिंग पिशवीत घालून घरी घेऊन या.

आपला,
सासवडच्या त्या मुलीचा मामा